दर दोन तासांनी एक फोटो

निघताना तिने नवऱ्याला एकच अट घातली होती. तीन दिवस, सकाळपासून रात्री झोपेपर्यंत, दर दोन तासांनी लेकीचा एक फोटो.

लेक दहा महिन्यांची. तिला सोडून आजवर एक रात्रही बाहेर काढलेली नव्हती, आणि आता दोन मैत्रिणींबरोबर सव्वादोनशे किलोमीटर सायकल चालवायची होती. दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डासाठी मदत गोळा करायची म्हणून. लोकांच्या बाळांसाठी स्वतःचं बाळ टाकून चाललीस, असं तिला कुणीच म्हणालं नव्हतं. ते काम तिने स्वतःच आठवडाभर मन लावून केलं होतं.

पहिल्या दिवशी पहिला फोटो उशिराच आला. पण त्यानंतर एकही चुकला नाही. फोटो आला की ती सायकल थांबवायची, दोन बोटांनी तो मोठा करायची आणि लेकीचे डोळे, ओठ, नाक एकेक करून तपासायची. मैत्रिणींपैकी एक वकील होती. एवढी उलटतपासणी आपण कोर्टातही पाहिली नाही, असं तिचं म्हणणं. दुसरीला कॉलेजपासून सगळे डुलकी म्हणत, कारण तिला कुठेही टेकलं की झोप लागायची. ती या थांब्यांवर मनापासून खूश होती.

नवऱ्याचं कौतुक तर विचारू नका. दर फोटोत लेकीच्या गळ्यात वेगळं लाळेरं. पिवळं, निळं, ठिपक्यांचं. घरी स्वतःचा टॉवेल वाळत न घालणारा माणूस आठवण न करता लाळेरं बदलतोय, हे तिने दोघींना इतक्यांदा ऐकवलं, की असा नवरा आठवडाभर भाड्याने मिळेल का, असं डुलकीने विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्या चढ संपवून झाडाखाली बसल्या होत्या. मागून पाणी आणि पंक्चरचं सामान घेऊन येणारा टेम्पोही येऊन थांबला होता. फोटो आला. लाळेरं जांभळं, स्वारी हसरी. सवयीने ती डोळे, ओठ, नाक बघत गेली, आणि बोट जरा जास्तच सरकलं. मागच्या भिंतीवरचं घड्याळ समोर आलं. त्यात वाजले होते नऊ चाळीस.

तिने आधीचा फोटो उघडला. नऊ सदतीस. त्याआधीचा नऊ चौतीस. काल रात्री आठला आलेला, नऊ एकतीस. आणि खिडकीच्या पडद्यावर सकाळचं ऊन.

जुने फोटो का पाठवतोय? आत्ताची लेक दाखवण्यासारखी नाही म्हणून? तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग ती उठली आणि टेम्पोवाल्या काकांना म्हणाली, सायकल चढवा, मला घरी सोडा. काकांनी काही न विचारता सायकल चढवली आणि दोरीने आवळून बांधायला घेतली. डुलकी टक्क जागी झाली.

चौथ्यांदा फोन उचलला गेला.

"हळू बोल," नवरा कुजबुजला. "आत्ता कुठे झोपलीये. माझ्या पोटावर."

"फोन का उचलत नव्हतास?"

"पायाशी पडला होता. अंगठ्याने ओढत आणला."

मग घड्याळाचा विषय निघाला आणि त्याने निमूटपणे सगळं कबूल केलं. ती गेल्यावर लेकीने तास-दीड तास घर डोक्यावर घेतलं. रडका फोटो पाठवला असता तर ही पहिल्या वळणावरूनच परतली असती. म्हणून पोरगी हसल्याबरोबर त्याने लाळेरी बदलत बदलत तीन दिवसांचे फोटो एका दमात काढून ठेवले.

"आत्ताचा पाठव. खरा," ती म्हणाली.

आला तो तिरका. अर्ध्या चौकटीत नवऱ्याची दाढीची खुंटं. त्याच्या पोटावर तोंड उघडं टाकून झोपलेली लेक, केसांत केळं, एकाच पायात मोजा, अंगात कालचाच झगा. जमिनीवर घरातली झाडून सगळी लाळेरी.

तिने तो मोठा केला नाही. नुसती बघत राहिली. जीव भांड्यात पडला होता, पण आत कुठेतरी टोचतही होतं. रडून झालं, हसून झालं, आता बापाच्या पोटावर घोरतेय. आईवाचून तिचं काही म्हणता काही अडलं नव्हतं. हे तिने मैत्रिणींना सांगितलं नाही.

"आरोपीचं काय करायचं?" वकिलीणबाईंनी हळूच विचारलं.

"घरी गेल्यावर बघते," ती म्हणाली. "उद्या."

नवऱ्याला तिने लिहिलं, उरलेले फोटो पाठवू नकोस, केस तेवढे धू. मग ती टेम्पोपाशी गेली. काका शेवटची गाठ मारत होते.

"काका, उतरवा."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या आठ गाठींकडे.

"ताई, नक्की ना?" ते म्हणाले. "कारण पुन्हा मी बांधणार नाही."

ती अलीकडच्या टोकाची गाठ सोडायला लागली होती.