भांबुर्ड्याच्या फलाटावरची चुंबळ

मी चुंबळ बोलतेय. हो हो, चुंबळच! पाटी उचलायच्या आधी बायका डोक्यावर कापडाची वळी ठेवतात ना, तीच मी. पाटीचं कौतुक सगळे करतात, पाटीतल्या मालाचं तर विचारूच नका. मधे कोण चेंगरतंय, हे मात्र कुणी पुसत नाही. म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म भोरजवळच्या उत्रोलीत झाला. सोजराबाईचं लग्नातलं हिरवं लुगडं विरलं, तेव्हा तिनं त्यातला धड राहिलेला पट्टा फाडला, आत भाताचं मऊ काड भरलं आणि मला घट्ट शिवून काढलं. सोजराबाई म्हणजे आवाज खणखणीत आणि पायाला भिंगरी. आठवड्यातून एकदा आंबेमोहर तांदळाची पाटी घेऊन ती पुण्याला जायची, आणि मी तिच्या डोक्यावर मिरवायची.

आमच्या फाट्यावर एक रीत होती. झुंजूमुंजू झालं की बाया आपापली चुंबळ रस्त्याकडेच्या दगडावर ठेवायच्या आणि राहिलेली कामं उरकायला घरी परतायच्या. रायबा ड्रायव्हर भोरहून मोटर घेऊन आला की आधी दगडावरच्या चुंबळी मोजायचा. तीन चुंबळी म्हणजे तीन बाया. त्या आल्याशिवाय मोटर जागची हलायची नाही. आत मामलेदार बसलेले असले तरी त्यांनी उपरण्यानं वारा घेत बसायचं. आहे की नाही आमचा रुबाब!

पुण्यात मात्र रुबाब संपला. रायबा मोठ्या स्टेशनाबाहेर उतरवायचा, आणि सोजराबाईची गिऱ्हाइकं होती भांबुर्डा स्टेशनाच्या अंगाला. एकाच शहरातली दोन स्टेशनं, मधे रूळ घातलेले, पण त्यांना जोडणारी गाडी एक भल्या सकाळी आणि एक दिवेलागणीला. रायबाची मोटर नेमकी मधल्या वेळात यायची-जायची. मग काय करायचं? चालायचं! संगमाचा पूल ओलांडताना सोजराबाई रुळांकडे बघून करवादायची, "मेल्यांनो, नुसतं लोळत पडलाय उन्हात!" खरं सांगते, त्या वाटेवर माझं काड पार दडपून जायचं.

सोजराबाईची एकुलती एक लेक बनाबाई भांबुर्ड्यातच दिलेली. जावई गेनू छापखान्यात कामाला. बनाबाईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण तिची सासू ठकुबाई भारी कडक.

"न्या की लेकीला," ती म्हणाली, "पर टांग्यात बसवायची न्हाई, हिसकं बसत्यात. आन आठवा लागला की माजी सून नदी वलांडनार न्हाई. आमच्या घरात तशी रीत न्हाई."

टांग्याचे हिसके चालत नव्हते, कात्रजच्या घाटातले मोटरचे चालत होते! पण विहीणबाईंना हे सांगणार कोण? आणि नेमकी भातलावणी आली. सोजराबाई चिखलात अडकली ती अडकलीच. सातवा महिना सरत आला. ती जेवताना घास हातात धरून बसायची. "पोर तितंच राहनार," असं म्हणून डोळे पुसायची. मलाही फार वाईट वाटायचं.

अशात एक दिवस रायबानं मोटरीतूनच हाक मारली, "सोजरामावशी, ऐकलं का? दोनी टेसनांच्या मधी बारा वाजताची गाडी सुरू झालीया! भांबुर्ड्यास्नं बसायचं, माजी मोटर सुटायच्या आत मोठ्या टेसनावर हजर. पर येळ चुकवू नका, पुन्यात शिपाई मला थांबू देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सातव्याचा तो शेवटचा दिवस होता. आज जमलं नाही, तर लेक माहेराला मुकणार.

ठकुबाईनं सुनेची ओटी भरायला घेतली. खण झाला, नारळ झाला, तांदूळ झाले, मग हळकुंडच सापडेना. सोजराबाई वरून हसत होती आणि आतून उकळत होती. आम्ही स्टेशनाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली. बनाबाई कमरेवर हात ठेवून हळूहळू येत होती.

आणि माझ्या मालकिणीनं काय करावं? ती धावत पुढं गेली, मला डब्याच्या पायरीवर नीट ठेवलं, आणि निवांत मागं फिरली. जागेवर चुंबळ ठेवली म्हणजे झालं की, आता गाडी जाते कुठं!

शिट्टी झाली. डबा हलला. अगं बाई, मी पायरीवर एकटी आणि मालकीण फाटकाशी! ओरडायला मला गळा कुठला?

"अवं, चुंबळ ठिवलीया!" सोजराबाई लुगडं सावरत धावत सुटली. "दिसंना व्हय तुमास्नी?"

शेवटच्या डब्यातल्या मानसिंग गार्डानं ते पाहिलं. त्याला वाटलं, कुणीतरी चाकाखाली आलं. त्यानं लाल बावटा काढला. गाडी गचकन थांबली आणि मी फलाटावर गडगडत गेले. त्यानं उतरून मला दोन बोटांत उचललं.

"ही चिंधी कुणाची?"

"चिंदी न्हाई, चुंबळ हाय ती! जागा धरलीया म्या."

"बाई, रेल्वेत अशी जागा धरत नाहीत. ही काय भोरची मोटर आहे?"

"मग मागनं कोन येतंय, हे तुमी वळखता कसं?"

डब्यातली माणसं खो खो हसायला लागली. सोजराबाई मात्र भांडण लांबवत होती, कारण एक डोळा फाटकाकडे होता. बनाबाई येतच होती, एकेक पाऊल टाकत.

"आता वहीत काय लिहू मी? गाडी का थांबली म्हणून विचारतील," मानसिंग कावला.

"लिवा की, माजी लेक म्हायेराला निघालीया."

तेवढ्यात बनाबाई पोचली. मानसिंगनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "चढा, चढा. सावकाश चढा, घाई करू नका." आणि वर मला स्वतःच्या हातानं सोजराबाईच्या ओंजळीत दिलं. वहीत त्यानं काय लिहिलं, देव जाणे! मोठ्या स्टेशनाबाहेर शिपाई दंडुका आपटत होता, रायबा "निगालो, निगालो" म्हणत एक चाकही हलवत नव्हता. आम्हाला मोटर मिळाली.

पुढं भोरकडच्या बाया भांबुर्ड्याच्या फलाटावर चुंबळी ओळीनं मांडायला लागल्या. मानसिंग आधी डाफरला. मग शिट्टी तोंडाला लावण्याआधी गुपचूप मोजायला लागला.

उत्रोलीत बनाबाईला मुलगी झाली. सोजराबाईनं मला उसवलं, काड काढून टाकलं, सावरीचा कापूस भरला आणि बाळाचं डोकं छान गोल व्हावं म्हणून मला त्याखाली ठेवलं. जन्मभर डोक्यावर बसलेली मी डोक्याखाली आले. ते डोकं केवढंसं, लिंबाएवढं हलकं वाटलं मला. मी सुखानं भरून आले.

त्या बाळाबरोबरच मी भांबुर्ड्याला आले, ती कायमची. आता सगुणा तीन वर्षांची आहे आणि मी तिच्या खेळण्यांत असते. सोजराबाई दर आठवड्याला येते आणि बाराच्या गाडीनं परत जाते. पाटी आणते ती नव्या चुंबळीवर. मला राग नाही. परतीच्या वाटेवर तरी आता दोन स्टेशनांमधे कुणाची मान मोडत नाही, मला तेवढं पुष्कळ आहे.

परवा सोजराबाई जायला उठली. सगुणानं मला शोधून आणलं, उंबरठ्यावर मधोमध ठेवलं आणि आजीकडे बघत उभी राहिली. ही रीत तिला कुणी शिकवली, ठाऊक नाही. सोजराबाई उंबरठ्याशीच थांबली. ठकुबाई म्हणाली, "विहीणबाई, गाडी चुकंल की!"

"चुकू द्या," सोजराबाई पाटी खाली ठेवत म्हणाली. "उंद्या बी हाय बाराची गाडी. चुंबळ ठिवल्यावर म्या कशी हालू?"

बाबांनो, कुठं फलाटावर, रस्त्याकडेला एखादी चुंबळ दिसली तर पायानं लोटू नका. एवढीच विनंती आहे माझी. मागून कुणीतरी येत असतं.