दोघांची एकच गादी

मी गादी बोलतेय. सध्या एका इमारतीच्या मागे भिंतीला टेकून उभी आहे. मला पाहिलं की माणसं लांबूनच वळसा घालतात.

माझे सुरुवातीचे दिवस टेकडीवरच्या एका घरात गेले. तिथल्या बाईंना नुसती कणकण आली तरी तपासणीवाला घरी यायचा आणि दिवस मावळायच्या आत निकाल फोनवर. मग बाईंनी नवी गादी घेतली आणि मी उतारावरून खाली आले, परमुलखातून कामाला आलेल्या माणसांच्या वस्तीत.

इथं मी दोघांची झाले. दाजी रात्रपाळीला गोदामात ओझी उचलायचे, त्यांचा मेव्हणा दिवसा हॉटेलात भांडी घासायचा. एक उठला की दुसरा आडवा. दोघांची भेट व्हायची ती दारातच. मेव्हणा डोळे मिटायचा तो दाजींच्या उबेत, त्यांच्याच अंगानं पडलेल्या खळग्यात. मी कधी गार झालेच नाही.

पुढे दाजींना खोकला लागला. तोंडात कापड धरून खोकायचे. माणूस वाळत चालला, खळगा मात्र तेवढाच राहिला. आणि मग दाजी कामावर गेल्यावरही तोच खोकला, त्याच सुरात, माझ्यावरून ऐकू येऊ लागला. आता खोकत होता तो मेव्हणा.

त्यानं दवाखान्याचा विषय काढला. दाजींनी समजावलं, की दवाखाना पुलापलीकडे, उघडा असतो तो नेमका कामाच्या वेळात, आणि खाडा केला की मुकादम दुसरा माणूस घेतो. पण खरं कारण त्यांनी शेवटी सांगितलं. "आधी नाव विचारतील, मग पत्ता, मग कागद. थुंकी तपासायला जायचो आणि थेट माघारी पाठवतील. तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

बहिणीला फोनवर दोघंही सांगायचे, इथली हवा छान मानवलीय.

एके दुपारी दाजी झोपले ते उठलेच नाहीत. मेव्हणा परतला, बूट न काढताच त्यानं हात लावून पाहिलं. तेव्हा मी पहिल्यांदा गार पडले होते.

नंतर तो एकटाच पूल ओलांडून गेला. नर्सनं कागद मागितलेच नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या खोलीत आणखी कोण झोपतं?" हे त्यानंच बहिणीला फोनवर रडत सांगितलं, म्हणून मला कळलं. त्याला गोळ्या सुरू झाल्या, अंग धरू लागलं, आणि तो खोली सोडून गेला.

खोलीच्या मालकानं सगळा रोग माझ्यात आहे असं ठरवून मला बाहेर फेकलं. हा आजार गादीत बसत नाही, कोंदट हवेतून पसरतो, असं नर्सनं सांगितलं होतं. पण मालकाला कोण सांगणार? वरच्या त्याच खोलीत नवी माणसं आली, नवी गादी आली.

आज तीच नर्स दारोदार फिरत इथवर आलीय. वर कोण राहतं, असं मालकाला विचारतेय.

"कोणी नाही," तो म्हणतो. "खोली रिकामीच आहे."

वर कुणीतरी खोकतंय. तोंडात कापड कोंबून, जेमतेम ऐकू येईल असं. मी भिंतीला टेकलेय, म्हणून मला ऐकू येतं. ती निघालीय. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा पोचेल. कोपऱ्यावरून वळायच्या आत तिला हाक मारा.