पुल्लाच्या पेटीला ऊब देण्याबाबत

विषय : पुल्ला नावाच्या पाळीव बेडकाच्या काचपेटीला, बेडूक जिवंत ठेवून, ऊब देण्याबाबत.

संदर्भ : साइमाबाईंच्या पावाच्या पिठाचा तळ.

वरील विषयाला अनुसरून मी थर्मोस्टॅट बोलतोय. अर्जाच्या सुरुवातीला 'सविनय' लिहिण्याची पद्धत आहे, ती मला माहीत आहे. तो शब्द मी मुद्दाम गाळला आहे. माझ्याजवळ होता तेवढा विनय स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या किल्ल्या, वितळलेली मेणबत्ती आणि मेलेल्या बॅटऱ्या यांच्या सहवासात संपला.

मी तळहाताएवढा एक डबा आहे. पुढे फिरवायची एक चकती, तिच्या शेजारी लाल दिवा. माझ्या एका वायरीतून मला वीज मिळते, दुसरीतून ती मी पेटीला ऊब देणाऱ्या हीटिंग पॅडला देतो. तिसरी वायर बारीक आहे आणि तिच्या टोकाला धातूचं एक बोट आहे. पेटीतली ऊब मला त्या बोटाला लागते तेवढीच कळते. पेटीत पुरेशी ऊब झाली की मी वीज तोडतो, निवलं की जोडतो. माझं सगळं कर्तृत्व इतकंच. थांबणं हेच माझं काम आहे, आणि या जगात थांबणाऱ्याला कामचुकार म्हणतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे निळी टोपी घातलेल्या एका बाईने माझं बोट कोमट पाण्यात बुडवलं, दिवा विझल्याचं पाहिलं आणि मला पास केलं. माझा दिवा विझल्यावर आनंदित झालेली ती पहिली व्यक्ती. दुसरी काइसा.

काइसा ही अर्वो आणि साइमा काल्लिओ यांची नात. मिशिगनच्या या उत्तर टोकाला, जिथे बर्फ पायरीवरून खिडकीपर्यंत चढतो, तिथे तिने दक्षिण अमेरिकेतला शिंगवाला बेडूक पाळला. दिसायला तो वेलदोडा घातलेल्या गोड पावासारखा, गोल आणि फुगलेला, म्हणून त्याचं नाव त्या पावाचंच ठेवलं : पुल्ला. पुढे काइसाला ॲरिझोनात नर्सची नोकरी लागली. ती स्वतः वाळवंटात गेली आणि उष्ण देशातला बेडूक बर्फात ठेवून गेली. माणसांच्या अशा व्यवस्थांवर मी भाष्य करत नाही.

पण तिने मांडणी मात्र चोख केली होती. पॅड पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून चिकटवलेला, तळाला नव्हे. माझं बोट आतल्या बाजूला, बेडकाच्या उंचीवर घट्ट बसवलेलं. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार, म्हणजे बेडकाला हवी ती निवडता यावी. खाली नारळाच्या भुशाची ओलसर माती, स्वतःला पुरून घेण्यासाठी. हा बेडूक रानात उन्हाने तापला की जमिनीत शिरतो, कारण सूर्य वर असतो आणि माती गार असते. त्याच्या अंगात हे एवढंच शहाणपण आहे आणि ते त्याला आजवर पुरलं.

निघताना काइसाने आजोबांना माझ्यासमोर उभं केलं. त्यांना ती उक्की म्हणते, आजीला मुम्मू.

"उक्की, याला हात लावायचा नाही."

"बेडकाला?"

"बेडकाला तर नाहीच. या डब्याला."

"मग आम्ही करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?"

"पाणी शिंपडायचं, अळ्या घालायच्या आणि मुम्मूला छळायचं नाही."

"तिसरं त्याला जमायचं नाही," साइमाबाई म्हणाल्या. पहिली दोन जमतील असं त्यांनाही वाटत होतं.

आता अर्वोबद्दल. हा गृहस्थ जन्मभर रस्त्यावरचा बर्फ लोटणारं वाहन चालवून निवृत्त झाला. परसात त्याचा सौना आहे, म्हणजे तापून घाम काढायची लाकडी खोली. दर शनिवारी तो शेगडी पेटवतो, तिच्यावरचे दगड तापवतो आणि पाहुण्यांना भाजतो. सौनात बाक दोन. वरच्या बाकावर उष्णता फार, खालच्यावर कमी. वर बसून जो शेवटपर्यंत हलत नाही तो पुरुष, आणि ज्याला सोसत नाही तो निमूट खाली उतरतो. अर्वो कधी खाली उतरलेला नाही. ऊब या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावं हे त्याला मान्य नाही. डब्याने तर नाहीच नाही.

माझा दिवा विझला की त्याचं डोकं तापायचं.

"साइमा, बघ. परत झोपला."

"कोण, पुल्ला?"

"डबा. बाहेर वारा दार उपटतोय आणि साहेबांनी दिवा मालवला."

"पेटी गरम झाली असेल."

"कुठली गरम? हात लावून बघ. काच थंडगार आहे."

त्याने काचेला लावलेला तो हात तुम्ही पाहायला हवा. शेगडीचं लोखंडी दार उघडून उघडून त्याचं कातडं बुटाच्या तळव्यासारखं झालेलं. चुलीवरून उतरवलेल्या कॉफीचा मगही त्याला कोमट लागतो. असा हात साक्षीला आला आणि माझी नोकरी गेली. मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या खोक्यातलं माहितीपत्रक अजून घडीतच होतं.

त्याने मला उपटलं. पॅड काचेवरून खरवडून काढला, टेबलावर आडवा घातला, त्यावर पेटी ठेवली आणि पॅडची वायर सरळ भिंतीत खोचली. पॅडला अक्कल नसते. वीज मिळेल तोवर तापत राहणं एवढंच त्याला येतं, आणि अशांनाच माणसं मेहनती म्हणतात. ऊब वाया जाऊ नये म्हणून अर्वोने पॅडखाली जुना टॉवेलही घातला. मग हात झटकले.

"ऊब खालून यायला हवी. शेगडी काय छताला टांगतात?"

"काइसाने बाजूला लावलं होतं," साइमाबाई म्हणाल्या.

"काइसा आता वाळवंटात राहते. तिला थंडी काय ठाऊक?"

मला खणात टाकलं. माझी वायर बाहेर लोंबत राहिल्याने खण नीट मिटला नाही, आणि त्या फटीतून टेबल दिसत होतं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं.

पुल्लाला चटका लागू लागला तेव्हा त्याने तेच केलं जे त्याच्या पूर्वजांनी केलं. तो खाली गेला. माती उकरली आणि खोल शिरला. खाली आणखी तापलेलं होतं, म्हणून आणखी खोल शिरला. अर्वो सौनातल्या डावाने मातीवर पाणी घालायचा, काचेवर वाफ धरायची आणि तो खूश व्हायचा. मी खणातून ओरडत होतो. पण वीज नसलेल्या डब्याचा आवाज कोणाला ऐकू येतो?

"पुल्ला दिसत नाही," साइमाबाई म्हणाल्या.

"खालच्या बाकावर गेला. वर गरम झालं असेल त्याला. हुशार आहे."

"जेवत नाही पण."

"सौनात कोण जेवतं?"

फोनवर काइसाने चौकशी केली तेव्हा हेच उत्तर तयार होतं.

"पुल्ला कसा आहे, उक्की?"

"खालच्या बाकावर. मजेत."

ती हसली. मातीत पुरून बसणं या जातीच्या बेडकाला नवीन नाही. "आणि डब्याला हात लावला नाहीस ना?"

"डब्याला कोण कशाला हात लावतंय? डबा अगदी सुरक्षित आहे."

कचेरीतल्या मुरलेल्या माणसालाही असं उत्तर सुचलं नसतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी सुरक्षितच होतो.

शनिवारी चर्चमधल्या बायका कॉफीला यायच्या होत्या, म्हणून साइमाबाईंनी गोड पावाचं पीठ मळलं. थंडीत पीठ फुगत नाही. पॅड पेटीपेक्षा रुंद असल्याने पुढे वीतभर बाहेर आला होता. त्या उबेवर त्यांनी पिठाचं भांडं ठेवलं, वर फडकं गुंडाळलं आणि कपबशा पुसायला बसल्या.

फडकं काढलं तेव्हा पीठ वरून जसंच्या तसं, चपटं. त्यांनी गोळा उलटा केला. तळ पिवळट, कडक, भांड्याला धरलेला.

"वोय वोय. अर्वो! पीठ खालून शिजलंय."

"मग बरंच की. ओव्हनचं काम वाचलं."

साइमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. त्या पावाचं आणि पेटीतल्या जिवाचं नाव एकच होतं. पीठ तसंच टाकून त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि दोन्ही हात मातीत घातले.

"इकडे ये. हात घाल."

"कोमट तर आहे."

"खाली घाल. आणखी खाली. तळाला टेकव, अर्वो."

त्याने टेकवला. बुटाच्या तळव्यासारखा तो हात मी पहिल्यांदाच झटकन मागे आलेला पाहिला.

पुल्ला पार तळाच्या काचेला चिकटलेला होता. साइमाबाईंनी हात ओले करून त्याला उचललं. पाठीला काही झालं नव्हतं. पोट लालभडक होतं, आणि मागचा एक पाय त्याला जवळ ओढता येत नव्हता.

"पण तो खालच्या बाकावर होता," अर्वो म्हणाला.

"तू शेगडीच बाकाखाली ठेवलीस."

"मग त्याने काहीतरी... उडी तरी मारायची."

"वरच्या बाकावर बसणारे तुम्ही तरी कधी मारता?"

अर्वोने भिंतीतली वायर उपटली, अंगात कोट चढवला आणि गाडीवरचा बर्फ हातानेच काढायला लागला. फावडं शेजारीच उभं होतं. कॉफीला आलेल्या बायकांना दाराला कुलूप दिसलं.

पुलापलीकडच्या, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. माती काही दिवस बंद, फक्त ओले कागदी रुमाल. ऊब हवीच, पण बाजूने, मंद, आणि थर्मोस्टॅट लावून. "जेवायला लागला तर वाचेल," त्या म्हणाल्या.

काइसाला फोन त्यालाच करावा लागला. साइमाबाईंनी तो त्याच्या हातात दिला आणि भांडी घासायला वळल्या.

"उक्की, तू म्हणालास डबा सुरक्षित आहे."

"डबा सुरक्षितच होता," अर्वो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की मला फटीतूनही नीट ऐकू आला नाही.

मग काइसाने पॅड कुठे, बोट कुठे, हे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. तो 'हो' म्हणत गेला.

मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या वायरीत रबरबँड अडकलेले होते. माहितीपत्रकाची घडी पहिल्यांदा उघडली. साइमाबाईंनी मोठ्याने वाचलं, अर्वोने केलं. पॅड परत मागच्या काचेला, बोट आत, घट्ट. आता सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण हा माणूस सुधारतो म्हणजे किती? बेडूक जेवत नाही, त्याअर्थी त्याला थंडी वाजत असणार, असं त्याच्या डोक्याने घेतलं आहे. येता-जाता काचेवर तळहात ठेवतो आणि माझी चकती हळूच पुढे सरकवतो. साइमाबाई ती मागे आणतात.

"पुन्हा फिरवलीस?"

"किंचित."

"त्याच्या पोटाकडे बघ आणि मग फिरव."

तो बघतो. आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा चकतीवर असतो. एका जिवाचं पोट भाजलं, माझी बडतर्फी झाली आणि परत नेमणूक झाली, तरी त्या अंगठ्याला अजून मीच चुकीचा वाटतो. या अंगठ्याला काय म्हणावं यासाठी माझ्याजवळ शब्द आहेत. अर्जात ते लिहीत नाहीत.

सबब माझी मागणी अशी. पॅड पुन्हा कधीही तळाखाली जाऊ नये. माझं बोट लावलं आहे तिथून हलवू नये. चकती काइसाने ठरवली तिथेच राहावी. आणि माझा दिवा विझला म्हणजे मी झोपलो असं समजू नये. दिवा विझलेला असतो तेव्हाच पुल्ला सुखात असतो. हा अर्ज मी अर्वो काल्लिओ यांच्यापुढे रोज ठेवतो आहे. ऊब हे खातं अजून त्यांच्याकडेच आहे.

काल शनिवार होता. सौनातून परत आल्यावर साइमाबाईंनी ओल्या केसांनी काइसाला फोन लावला. अर्वो अजून कपडे करत होता.

"तुझा उक्की आज खालच्या बाकावर बसला."

"का? बरं नाही त्याला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, खाली काय होतं ते बघतोय."

आज सकाळी अर्वोने चिमट्यात अळी धरून पुल्लासमोर हलवली. हात दुखेपर्यंत धरली, मग दुसऱ्या हातात घेतली. पुल्लाने डोळे उघडले, अळीकडे पाहिलं आणि मिटले. तो मागचा पाय मात्र त्याने जवळ ओढला. अळी परत डबीत गेली. अर्वोने काचेला हात लावला, माझ्याकडे वळला आणि अंगठा चकतीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे. चकती फिरलेली नाही, अंगठा उचललेला नाही.

बेडकाने अद्याप अन्न घेतलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.