माझ्याभोवतीचं मोकळं कडं

मी एक बुरशी आहे. झालं, मुरडलीत नाकं! अहो मित्रांनो, शिळ्या पावावर चढते ती माझी लांबची चुलत बहीण. मी राहते झाडाच्या हिरव्यागार पानाच्या आत. केसाहून बारीक माझे धागे. झाड मला साखर देतं, आणि पानात शिरू पाहणाऱ्या जंतूंना मी माझ्या रसाने पळवून लावते. कुणाला पत्ताही नाही, असा आमचा सुखाचा संसार!

एके दिवशी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईंनी आमचं पान खुडलं. नळाखाली धुतलं, स्पिरिटमध्ये बुडवलं, मग ब्लीचच्या पाण्यात. बाप रे! पानावर बसलेले सगळे गारद झाले. मी आत होते म्हणून वाचले. ताईंनी पानाचे तुकडे काचेच्या बशीतल्या जेलीवर ठेवले आणि पाचव्या दिवशी कापलेल्या कडेतून मी डोकं वर काढलं.

मग माझी परीक्षा! जखमा चिघळवणारे जंतू बशीभर पसरून ताईंनी मला मधोमध बसवलं. बघता बघता सगळीकडे जंतूच जंतू, माझ्याभोवती मात्र स्वच्छ मोकळं कडं. जवळ फिरकायची एकाचीही टाप नव्हती! ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बशा धुणारे मामा धावत आले.

"काय फुटलं?"

"फुटलं नाही हो मामा, जमलं!"

त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. दर पंधरवड्याला नवी बशी, बटाट्याचं पाणी, वर भरपूर साखर. खरं सांगते, मी सुस्तावले. ना झाड, ना जंतू. रस करायचा तरी कुणासाठी? कडं आक्रसत गेलं आणि एक दिवस नाहीसंच झालं. ताईंचे सर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत पुन्हा दाखवा, नाहीतर काम बंद. बशा कुकरमध्ये." वाफेच्या त्या मोठ्या भांड्यातून आमच्यापैकी कुणी जिवंत परत येत नाही. मला धडकीच भरली!

ताईंनी तीनदा करून पाहिलं. कडं नाहीच. शेवटी मामा बशा टोपलीत भरू लागले, तेव्हा ताईंचे डोळे भरून आले. "मामा, हिला काय कमी केलं हो मी?"

"कमी कुठं, जास्तच केलंत! आमचा मेहुणा बघा. आमच्याकडे आयतं ताट मिळतंय तोवर हलत नाही. त्याच्या घरी पाठवला की बरोबर कामाला लागतो."

ताई ताडकन उठल्या. झाडाकडे पळाल्या, पानं आणून वाटली, साखर निम्मी केली आणि त्या पानांच्या रसाची जेली लावली. सरांकडून दहा दिवस मागून घेतले. अहाहा, घरचा वास! मी खडबडून कामाला लागले.

दहाव्या दिवशी कडं परत आलं, पहिल्यापेक्षा रुंद!

"मेहुण्यापेक्षा गुणाची निघाली," मामा म्हणाले.

सर बशी उजेडात धरून बघतच राहिले. "औषध व्हायला बरीच वर्षं लागतील. पण काम चालू ठेवा. झाड कुठलं ते?"

ताईंनी खिडकीतून बोट दाखवलं. अकरा वर्षं सर त्याच झाडाखाली गाडी लावत होते, टपावर पानं पडतात म्हणून कुरकुरत. त्या दिवशी ते खाली गेले आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तुम्ही अकरा वर्षं लावू नका. दारातलं झाड आजच नीट बघा, उगाच पानं ओरबाडू नका. माझ्यासारख्या कितीजणी तिथं राबताहेत, आणि अजून कुणी त्यांची साधी चौकशीही केलेली नाही.