शेवटून पहिला आलेला चौथा भाग

मी चौथा भाग बोलतोय. कशाचा, ते सांगतो, पण जरा दम घेऊ द्या. आज मी फार खुशीत आहे, आणि खुशीत असलो की माझी कुठली पानं आधीची आणि कुठली नंतरची, तेच मला कळेनासं होतं.

केल्डन नावाचं एक गाव आहे. निदान आमच्या पानांत तरी आहे. तिथे वर्षातले बरेच महिने बर्फ, आणि त्या बर्फावर काठ्या घेऊन हॉकी खेळणारा एक संघ, मार्टेन्स. मार्टेन म्हणजे काय, तर आमची एक मालकीण पूर्वी हिच्या म्हणण्याप्रमाणे मुंगसाचा गोरा भाऊ. या संघातला एकेक खेळाडू एकेका भागात प्रेमात पडतो, आणि पडतो तो मुलाच्याच प्रेमात. भांडणं होतात, दात पडतात, रुसवेफुगवे होतात आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं गोड होतं. असे या इंग्रजी कादंबरीमालिकेचे आम्ही पाच भाऊ. पाचांत मी चौथा, आणि मान मिळवण्यात पाचवा.

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी स्वतःचा कुठे आठवतो? माझी पहिली आठवण पनवेलची, यूम्नाच्या घरातली. यूम्ना आणि पूर्वी या कॉलेजातल्या जिवलग मैत्रिणी, आणि आम्ही दोघींच्या मालकीचे. पार्सल मात्र नेहमी यूम्नाकडे यायचं, कारण पूर्वीच्या रोडपालीच्या घरी आलेलं पार्सल जो आधी घरात असेल तो उघडून मोकळा होतो. यूम्नाने खोका फाडला आणि माझं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर आमचा गोलरक्षक उघड्या अंगाने बर्फात उभा आहे. बर्फात उघड्या अंगाने कोण उभं राहतं, हा प्रश्न तिला पडला नाही. ती किंचाळली, मला छातीशी धरून गोल फिरली आणि पूर्वीला फोन लावून म्हणाली, "आला! खुदा कसम, काय दिसतो!" आयुष्यात माझं इतकं कौतुक पुन्हा झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी मला कपडे चढले. पूर्वीने खाकी कागदाचं कव्हर घातलं, वर शाळेत लावतात तसं लेबल चिकटवलं, आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ऑरगॅनिक केमिस्ट्री, भाग ४'. अशी आम्हा पाचही भावांची मुंज झाली आणि आम्ही रोडपालीच्या बंगल्यातल्या फळीवर जाऊन बसलो.

पूर्वीची आई सत्यवती. यांच्या घराची शेती होती, ती गेली, तिथे इमारती आल्या, पण सत्यवतीकाकींचा दिवस अजूनही अंगणात, पाटावर, मासे साफ करतच जातो. लेक एवढी जाडजाड केमिस्ट्री वाचते याचा त्यांना कोण अभिमान! आणि दसऱ्याला काय झालं म्हणता? काकींनी पाटावर सरस्वती काढली आणि आमची पाचांची चळत तिच्यापुढे ठेवली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, उदबत्ती. खाकी कागदाच्या आत आमचा उघडा गोलरक्षक, आणि वर काकी हात जोडून म्हणतायत, "पोरीला चांगले मारक दे गं माय." पूर्वी तोंडात ओढणी कोंबून भिंतीकडे बघत होती. मी मात्र त्या दिवशी पवित्र झालो ते झालोच. एक हळदीचा डाग अजून मिरवतो.

पण केमिस्ट्री वाचून लेक रोज खुदूखुदू हसते, कधी मुसमुसते, हे काकींना खटकायला लागलं. एकदा कोलंबी सोलता सोलता त्यांनी विचारलंच, "काय हाय गं तुज्या पुस्तकात? मना पन सांग."

पूर्वीने मनाचा हिय्या केला आणि पहिल्या भागाची गोष्ट सांगायला घेतली. संघाचा कप्तान, आणि मैदानातला बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा तो लाजाळू माणूस.

"आन पोरगी कुठं हाय?" काकी म्हणाल्या.

"पोरगी नाहीये, आई. ते दोघंच आहेत."

काकींनी एक कोलंबी सोलली. मग म्हणाल्या, "बरं. फुडं?"

त्या 'बरं, फुडं'वर पाचही भाग सांगून झाले. जिथे पूर्वीला लाज वाटायची तिथे ती सांगायची की इथे दोन-तीन पानं जाहिराती आहेत. "तुमच्या पुस्तकात जायराती लय असतात गं," काकी म्हणायच्या आणि पुढची कोलंबी उचलायच्या. त्यांना किती कळत होतं, ते त्या आणि त्यांची कोलंबीच जाणे.

आता माझ्या दुःखाकडे येतो. या मुलींना नंबर लावायची भारी खोड. सुट्टी लागली, नंबर लाव. परीक्षा आली, अभ्यास सोडून नंबर लाव. आम्हाला चटईवर ओळीने मांडायचं आणि वरखाली करत बसायचं. पहिल्या नंबरासाठी पूर्वीचं मत दुसऱ्या भागाला, कारण त्यात हॉटेलात एकच पलंग उरलेला असतो. यूम्नाचं तिसऱ्याला, कारण त्यात पंच आणि तापट खेळाडू आहेत, आणि पंच त्याला उठसूट मैदानाबाहेर बसवतो. "त्या शिट्टीत जी मोहब्बत आहे ना, ती कुठल्याच भागात नाही," असं यूम्नाचं ठाम मत. पाचव्यात लग्न आहे, म्हणजे तो कधी खाली येणार नाही. पहिला तो पहिलाच, थोरला म्हणून मान. राहिलो मी.

माझ्यात हॉकी जवळजवळ नाहीच. गोलरक्षकाचा गुडघा मोडतो, तो गावी आईकडे जातो, तिथे त्याला व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलावर जीव जडतो आणि तो आईला खरं सांगतो. मग त्याची आई शंभरेक पानं त्याच्याशी बोलतच नाही. शेवटी मिठी मारते, पण तोवर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. "स्लो आहे यार," असं म्हणून दोघी मला तळाला सरकवायच्या. मला फार झोंबायचं. दुसऱ्या भागात एक पलंग सोडला तर आहे काय, सांगा बरं!

अशात एके दिवशी मला फळीवरून कोणीतरी हळूच काढलं. हात राकट होता, सिमेंटचा वास येत होता. तो होता भावेश, पूर्वीचा मोठा भाऊ. रेती-खडी पुरवायचा धंदा, स्वतःचा डंपर, आणि रविवारी गावच्या टेनिस क्रिकेटच्या टीमचा पहिला बॉलर. पूर्वी आईला गोष्ट सांगायची तेव्हा हा पलीकडे बॅटला टेप गुंडाळत बसायचा आणि ती टेप काही केल्या संपायची नाही. त्याने बाकीच्या चौघांना हात लावला नाही. मलाच घेतलं!

पुढचे कितीतरी दिवस मी डंपरच्या केबिनमध्ये फिरलो. खडी भरून होईपर्यंत तो मला स्टिअरिंगवर टेकवून वाचायचा. इंग्रजी त्याला सावकाश जमायचं. ओळीवर बोट, मधेच मोबाइलवर शब्दाचा अर्थ, मग पुन्हा बोट. आईच्या मौनाची पानं त्याने पुन्हापुन्हा वाचली. कधी शार्दूलचा फोन यायचा. शार्दूल म्हणजे टीमचा विकेटकीपर, नवीन पनवेलचा. "जेवलास का?" एवढंच भावेश विचारायचा, पण ते विचारताना त्याचा आवाज असा काही मऊ व्हायचा की मला माझाच गोलरक्षक आठवायचा. माझ्या पानापानात धूळ शिरली, पण मी मनातल्या मनात नाचत होतो. माझा पहिला खरा वाचक!

मग घोळ झाला. काकींनी भावेशसाठी उरणची एक मुलगी पसंत केली. रविवारी बघायला जायचं ठरलं. पेढे, नारळ, गाडीत कोण कोण बसणार, सगळं ठरलं. भावेश हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. केबिनमध्ये मात्र तो मला उघडायचा आणि न वाचता तसाच बसून राहायचा. एकदा शार्दूलला म्हणाला, "गोष्टीतल्या पोरांना आई बरं म्हणते रे. आपल्या पोराला म्हनंल काय, ते मना नाय ठाव." त्याची भीती मला शब्दन्‌शब्द समजत होती. ती माझ्यात छापलेलीच आहे.

शनिवारी दुपारी तो घरी आला आणि मला पूर्वीच्या मांडीवर टाकत म्हणाला, "तुमी नंबर लावता ना? मग आज आईला पन लावू दे."

पूर्वीने माझ्या अंगावरची धूळ पाहिली, भावाकडे पाहिलं आणि बाकीच्या चौघांना फळीवरून उतरवलं. यूम्ना आलेलीच होती. तिने चटई पसरली. आम्ही पाचही भाऊ ओळीत बसलो. काकी समोर पाटावर, परातीत कोलंबी, कोपरापर्यंत हात बरबटलेले. त्यामुळे त्या हनुवटीने दाखवायच्या आणि यूम्ना आम्हाला उचलून ठेवायची. भावेश सरावाची जर्सी घालून पायरीवर बसला होता आणि बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"काकी, अव्वल कोण?" यूम्नाने विचारलं.

"लगनाचा. त्यो पयला. मंग यंत्रवाला, गरीब हाय बिचारा. मंग शिट्टीवाला."

"काकी! शिट्टीवाला तिसरा? तोबा!"

"पोराला सारखा भाएर बसवतो, त्याला काय पयला नंबर देऊ? मंग त्यो पलंगाचा. लय जायराती त्याच्यात."

यूम्ना आडवी पडून हसली. पूर्वी लाल झाली. आणि मी? मी एकटा उरलो होतो. पुन्हा पाचवा! पण माझं राहू द्या, मी पायरीकडे बघत होतो. भावेशचे हात नाडीवर थांबले होते.

"आई, चौथा का शेवटी?" पूर्वीने विचारलं.

काकी एकदम भडकल्या. "त्या आयशीमुले! पोरगा लंगडत घरी आला, आपल्या तोंडानी खरं बोलला, आन ही बाय त्याच्याशी बोलाची बंद! आय हाय का कोन हाय?"

"पण ती शेवटी मिठी मारते ना, काकी," यूम्ना माझी बाजू घेऊन म्हणाली.

"शेवटी कशाला?" काकी म्हणाल्या. "आदी मारायला काय झालेलं?"

मग पायरीवरून आवाज आला, बारीक, त्या एवढ्या दांडग्या माणसाला न शोभणारा. "आये, उद्या उरनला नको जाऊ. मना पोरगी नको. मी आन शार्दूल..."

काकींच्या हातात कोलंबी होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता माझी शंभर पानं सुरू झाली, या घरात, या अंगणात, आणि ती आणली मीच.

परात खणखणली. काकी उठल्या. त्यांनी हात धुतले नाहीत, पुसलेही नाहीत. कोलंबीने बरबटलेल्या हातांनीच त्यांनी भावेशला, त्याच्या पांढऱ्याशुभ्र क्रिकेटच्या जर्सीसकट, करकचून मिठी मारली. भावेश हमसून हमसून रडला. पूर्वी रडली. यूम्ना दोघींच्या वाटचं रडली आणि वर म्हणाली, "काकी, तुम्ही लाखात एक आहात."

"उरनवाल्यांचं मी बघते. तुज्या बापाला पन मीच सांगन," काकी भावेशच्या खांद्यावरून म्हणाल्या. "त्यो कोनाचं ऐकत नाय, माजं ऐकतो." मग एकदम मान मागे घेऊन त्यांनी लेकाकडे कठोर नजरेने पाहिलं. "त्यो शार्दूल मावरा खातो ना?"

भावेशने नाक पुसलं. "नाय. त्यांच्या घरात मासली चालत नाय."

काकी मटकन पाटावर बसल्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "आता त्याला जेवाला काय घालू?"

उरणला कोणी गेलं नाही. शार्दूल आला, वालाचं बिरडं तीनदा वाढून घेतलं आणि काकींच्या मनातली चिंता थोडी कमी झाली. भावेशचे वडील अजून घुम्यासारखे असतात, पण परवा मॅच बघायला गेले आणि शार्दूलने झेल पकडला तेव्हा टाळी वाजवून बसले, असं ऐकतो.

मी अजून पाचवाच आहे. यूम्ना मला वर चढवायला निघाली होती, पण काकींनी निकाल बदलला नाही, आणि मीही मनातून म्हटलं, राहू दे गं. माझी पाठ ढिली झालीय, आईच्या मौनाची दोन पानं सुटून हातात येतात, धूळ काही पूर्ण निघत नाही. तरी या फळीवर माझ्याइतका मजेत कोणी नसेल.

तर वाचकहो, मी कधी तुमच्या हाती आलो आणि आवडलो नाही, तर खुशाल मला तळाला टाका. त्या आईला हवी तेवढी नावं ठेवा. फक्त मोठ्याने ठेवा. घरात कोणीतरी ऐकत असतं.