दिनकररावांनी शिवाप्पाला चांगलं म्हटलं

सेलूच्या कापूस बाजारात चांगल्या मालाला तोंडानं चांगलं म्हणायची पद्धत नव्हती. दुधावरच्या सायीसारखा कापूस गाडीत भरून आला, तरी आडत्यानं मूठभर उचलायचा, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, "ओल हाय." शिवाप्पा आडत्या तर या बाजारात इतका मुरलेला, की मुलगी बघायला गेला तेव्हा ती समोर येऊन बसताच सवयीनं बोलून गेला, "जरा ओल हाय." मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "मंग उन्हात ठिवा, वाळंल." तिथंच लग्न ठरलं.

तर असा हा बाजार. इथं कुणी मोकळ्या मनानं स्तुती केली, की लोक आपापला खिसा चाचपायचे. स्तुती करणाऱ्याचा सौदा आतून झालेला आहे आणि आता तो माल आपल्या गळ्यात मारायला बघतोय, असा त्याचा सरळ अर्थ.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे सेहेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या हंगामाची. बाजाराचं एक मंडळ होतं आणि त्याला एक अध्यक्ष होता. सरकारी कागदावर त्याला 'सदर' लिहीत. मंडळात मतं तेवीस. त्यातली बारा रेल्वे रुळाच्या अलीकडच्या पेठवाल्यांची, अकरा पलीकडच्या, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यांभोवतीच्या जीनवाल्यांची. दोन्ही पक्षांचं सख्य एवढं, की पेठेतल्या कोंबड्यानं बांग दिली तर जीनवाले कूस बदलून पुन्हा झोपत. आपला आरवल्याशिवाय उजाडलं असं मानायचंच नाही!

पाच वर्षं अध्यक्षपद जीनवाल्यांच्या दिनकररावांकडं होतं. यंदा जीनवाल्यांना मत देणारा पेठेतला एक म्हातारा वारला होता आणि त्याच्या जागी आलेल्या पोरामुळं पेठेचं पारडं पहिल्यांदाच एका मतानं जड झालं होतं. दिनकररावांनी आपला मेहुणा माणिकराव उभा केला, पेठेनं शिवाप्पाला. बारा विरुद्ध अकरा. शिवाप्पा झोपून राहिला असता तरी अध्यक्ष झाला असता.

शिवाप्पाला खुर्चीची हौस नव्हती. त्याला हवा होता एक आड. बाजाराच्या आवारात गोड्या पाण्याचा आड होता, पण त्यातलं पाणी नळानं जिनिंगच्या बॉयलरला जायचं. म्हणून आडाच्या तोंडावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. किल्ली अध्यक्षाच्या कमरेला. हंगामात दीड-दोनशे गाड्या उन्हात रांगेत उभ्या असत. बैलांना पाणी पाजायचं तर दीड कोसावर दुधना नदीला न्यायचे, आणि परत येईस्तोवर रांगेतली जागा गेलेली. कस्तुराबाई नावाची एक शेतकरीण अशीच दुधनेवरून परत आली, तेव्हा तिची गाडी शेवटून दुसरी झाली होती. दोन रात्री ती गाडीखाली झोपली. शिवाप्पा तिला म्हणून बसला, "पुढल्या हंगामाला तुजे बैल हितंच पाणी पितील, बाई." आता तो हंगाम उजाडला होता. कस्तुराबाई दर बाजाराला दुकानावरून जायची. विचारायची काही नाही, नुसती बघायची. शिवाप्पाला त्या बघण्यानं जेवण जाईना.

मतदानाची रीत बाजारासारखीच. सौदा जसा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, तसंच मत. म्हातारा मापाडी आश्रुबा बाजेवर बसायचा, हातावर निळा रुमाल. एकेकानं यायचं, रुमालाखाली हात घालायचा. एक बोट दाबलं तर शिवाप्पा, दोन दाबली तर माणिकराव. आश्रुबा रुमालाखालीच दोन बोळक्यांपैकी एकात सरकीचा दाणा टाकायचा. बघणाऱ्याला रुमाल हललेला दिसे, बस्स.

सगळे जमले. आश्रुबानं रुमाल झटकला. तेवढ्यात दिनकरराव उठले.

"मंडळी, माझं मत शिवाप्पाला. माझ्या बाकीच्या धा माणसांनी बी त्यांनाच द्यावं. मानूस चांगला हाय."

'चांगला' हा शब्द त्या आवारात पहिल्यांदाच उच्चारला गेला. छपरावरचं एक पारवं खाली पडलं म्हणतात. मेलं नाही, पण पडलं.

"कारन सांगतो," दिनकरराव म्हणाले. "मागच्या पौषात माजा गाडीवान तापानं फणफणला. म्हनलं, आपुनच गाडी घेऊन रांगेत उभं राहून बगावं. तोंडावर धूळ, मिशांत कापूस, डोस्क्याला गाडीवानाचं फडकं. कुनी वळखलं न्हाई. दुपारी बैल मटकन खाली बसला. समोर आड, कमरंला किल्ली, पर नियम माजाच! कुलूप उगडायची लाज वाटायली. तेवड्यात हे शिवाप्पा घरचा हंडा घेऊन आले. बैलाला पाजलं, उरलेलं मला पाजलं. अन् पाजताना म्हनायलेत... सांगू का, शिवाप्पा?"

शिवाप्पाच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं.

"म्हनले, 'त्या दिनकऱ्याच्या मिशा एकडाव बॉयलरात घालून उकळाया पायजेत!'"

आवार हसून हसून वाकलं.

"मंग तुमी काय म्हनलाव?" कुणीतरी ओरडलं.

"म्हनलं, 'लय खरं हाय, मालक.' तोंडात त्यांचंच पाणी व्हतं, दुसरं काय म्हननार? पर तवापासून तो घोट घशात अडकलाय. इंजिनाला पहाटं पाणी देता येतंय. बैलाला दुपारीच लागतंय. एवढं समजायला मला पाच वर्षं लागली."

दिनकरराव खाली बसले. इकडं पेठेच्या बारा माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली. पेठेचा पुढारी लिंगराज, शिवाप्पाचा चुलतभाऊ, त्याला धरून कापसाच्या गंजीमागं घेऊन गेला.

"अप्पा, काय ठरलंय तुमचं त्याच्यासंगं?"

"काय ठरायचंय?"

"मला शिकवू नका. दिनकरराव उगंच चांगलं म्हनंल? आवो, मेल्या सासऱ्याला बी त्यानं कधी चांगलं म्हनलं न्हाई! उद्या तुमीच त्याच्या इंजिनात कोळसा घालायलाव, बगा."

"आरं, मी तर बैलाला पाणी पाजलं."

"मंग आसं करा. उठा अन् चारचौघांत सांगा, की दिनकररावचं मत मला नको. ते दिनकरराव हायेत आसं ठाव आसतं, तर पाणी पाजलं नसतं. एवढं बोला, बाराच्या बारा मतं तुमची. न्हाई बोललाव तर माजं बी धरू नका."

शिवाप्पानं मनातल्या मनात तोलून पाहिलं. हे बोललं की बारा मतं पक्की, आड पक्का. नाही बोललं तर घरचे बारा गेले, आणि जीनवाले अकरा पुढाऱ्याच्या एका भाषणानं इकडं येतील, यावर कोण विश्वास ठेवणार? रुमालाखाली कोण बघतोय! गंजीच्या पलीकडं गाड्यांची रांग होती. सातव्या गाडीवर कस्तुराबाई बसली होती. आजही काही विचारत नव्हती.

शिवाप्पा पुढं आला. हात जोडले.

"दिनकरराव, तुमी हाव हे मला ठाव आसतं, तर..."

लिंगराजानं मान डोलावली. तेवीस जणांचा श्वास अडला. चोविसावा आश्रुबाचा.

"तर शिव्या तेवड्या दिल्या नसत्या. पाणी दिलंच आसतं. तुमचं मत मला पायजे. आपल्या पक्षाच्या समोर उभं राहून तुमी हे बोललाव, हे उपकार मी जल्मभर इसरनार न्हाई. अध्यक्ष होवो न होवो."

लिंगराजानं कपाळावर हात मारून घेतला.

मतदान सुरू झालं. पेठवाले रुमालाखाली हात घालायचे आणि शिवाप्पाची नजर चुकवत निघून जायचे. जीनवाल्यांतही कुजबुज चालली होती. सर्वांत शेवटी माणिकराव आला. हा माणिकराव अध्यक्ष व्हायच्या भीतीनं आठ दिवस जेवला नव्हता. मेहुण्यापुढं बोलायची सोय नव्हती म्हणून उभा राहिलेला. त्यानं रुमालाखाली एक बोट असं काही दाबलं, की आश्रुबाचं बोट चार दिवस सुजलेलं होतं.

आश्रुबानं बोळकी पालथी केली. माणिकरावाच्या बोळक्यात नऊ दाणे. शिवाप्पाच्या बोळक्यात चौदा. बाजाराला हिशेब करायला वेळ लागला नाही. जीनवाले अकरा सगळे आले होते, आणि घरच्या बारांतले नऊ पळाले होते. आपल्यांनी पाडलेला माणूस परक्यांनी वरच्यावर झेलला होता.

"कुनाचं बोट कुठं पडलं, मला सगळं ठाव हाय," आश्रुबा रुमालाची घडी घालत म्हणाला. "पर रुमालाखालचं रुमालाखाली."

नऊ जण एकदम आपापल्या पायातल्या जोड्यांकडं बघायला लागले. शिवाप्पा त्यांच्याकडंच गेला. लिंगराजाचा हात हातात घेतला.

"लिंगराजा, तुमी निस्ता माज्यावर संशय घेतलाव. आडावर तर न्हाई ना? दोर वडायला मानसं लागत्यात."

 लिंगराजानं धोतर खोचलं आणि दोर उचलला. दिनकररावांनी कुलूप उघडलं. पहिला पोहरा वर आला तेव्हा पेठ आणि जीन यांचे हात एकाच दोरावर होते, आणि कुणाचा कुठला हे ओळखू येत नव्हतं. आडाशेजारची जनावरांची दगडी डोणी भरली. दीडशे गाड्यांचे तीनशे बैल पाणी प्यायले. आड अडीच हात खाली गेला आणि पहाटेपर्यंत तीन हात वर आला. अर्धा हात जास्तीचा कुठून आला, ते आडालाच विचारावं. कस्तुराबाईचे बैल प्यायले, तेव्हा तिनं शिवाप्पाकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. त्या रात्री शिवाप्पा तीन भाकरी जेवला.

दुसऱ्या दिवशी नवे अध्यक्ष आवारात आले, तर डोणीपाशी गलका. रांगेत गाड्यांच्या मधोमध एक म्हातारी शेळीची दोरी धरून उभी, आणि मागचे गाडीवान तिला बाहेर काढायलेत.

"आजी, ही कापसाची रांग हाय," शिवाप्पा म्हणाला. "तुमचा कापूस कुठाय?"

"कापूस कुठला, बाबा! रान न्हाई मला. शेळी हाय. तिला पाणी पायजे."

गाडीवानांनी तिचा हात सोडला. अध्यक्षांचा पहिला हुकूम काय निघतो ते ऐकायला दिनकररावही कुंपणापाशी थांबले.

शिवाप्पानं वाकून शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटं चोळून पाहिली. नाक मुरडलं नाही.

"लय चांगली हाय," तो म्हणाला, आणि त्यानं पुढच्या बैलजोडीला जरा बाजूला सरकवलं.