भर दुपारी पेटणारी बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. तीन सेलची, स्टीलच्या अंगाची. माझ्या बाकीच्या बहिणी अंधार पडला की कामाला लागतात. मी भर दुपारी पेटते आणि माणसांच्या तोंडात डोकावते. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

१९७७ साली आसगावच्या यादोरावांनी मला भंडाऱ्याहून आणलं, रात्री धानाच्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, पाणी पाहायला. पाच वर्षं मी चिखल आणि बेडूक पाहिले. मग त्यांची मुलगी रत्ना बी.ए. होऊन घरी आली. कॉलेजात असताना नागपूरच्या डॉक्टरांनी तिला आणि तिच्या मैत्रिणींना शिकवलं होतं: तोंडातला कर्करोग पुष्कळदा आधी पांढरा चट्टा होऊन बसतो, दुखत नाही. तेव्हाच सापडला तर माणूस वाचतो. या कामाला पगार नव्हता. गावोगाव जायचं, तोंडं तपासायची, यादी नागपूरला पाठवायची.

रत्नानं मला खुंटीवरून काढलं तसे यादोराव कडाडले, "पोरीची जात, अन् लोकाईच्या तोंडात पायत फिरतेस? लोक काय म्हनतीन?"

"म्हणायला लोक जिवंत तर राहिले पाहिजेत, बाबा!"

तपासणीला पहिली बसली बेबीबाई, यादोरावांची विधवा बहीण. रत्नाला तिनंच वाढवलं. ती दिवसभर विड्या वळायची आणि चार-चारदा गुडाखू, म्हणजे तंबाखूची काळी पेस्ट, दातांना लावायची.

"पाय वो डाक्टरीन, दात कसे चमकून राहिले!" ती म्हणाली. तपासणीला जायचं म्हणून तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि ताज्या गुडाखूचं बोट दातांवरून फिरवलं होतं. मी उजेड टाकला. आत सगळं काळं-तपकिरी. ओसरीवर तीस बाया खोळंबल्या होत्या, रत्ना घाईत होती.

"काही नाही, आत्या. ठीक आहे."

मीही खूश झाले. एक तोंड लवकर उरकलं म्हणून; ते आठवलं की अजून लाज वाटते.

संध्याकाळी यादी लिहिता लिहिता रत्ना थांबली. पुरुषांमध्ये नऊ चट्टे, बायांमध्ये एकही नाही. असं कसं? मग तिच्या ध्यानात आलं. तपासणीचा मान राखायला सगळ्याच बाया गुडाखूनं दात घासून आल्या होत्या, आणि त्या काळ्या लेपाखाली चट्टे झाकले गेले होते! दुसऱ्या दिवशी ती चावडीवर उभी राहिली. "माझी चूक झाली. सगळ्या बायांना पुन्हा तपासते," म्हणाली. त्या चावडीवर कुणी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"आत्या, आधी चूळ भर."

"काहून? काल का माहं तोंड दुसरं होतं?"

तीन चुळा झाल्या. डाव्या गालाच्या आत बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. रत्नानं मला आणखी जवळ धरलं आणि पुन्हा पाहिलं.

"दुखत नाही तं दवाखाना कायले?" यादोराव म्हणाले. "जेवते, भांडते, चांगली हाय."

"दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. तुम्ही येऊ नका, मी नेते."

सकाळच्या एस.टी.नं दोघी नागपूरला गेल्या. रोगाची नुकतीच सुरुवात होती. डॉक्टरांनी चट्टा कापून काढला. बेबीबाईची गुडाखू सुटली, जीभ होती तशीच राहिली.

१९८५ साली नागपूरहून पत्र आलं. आमची यादी परदेशात, जगभरच्या कर्करोगाच्या डॉक्टरांच्या सभेत वाचली गेली होती.

"त्यात माहं नाव हाय?" बेबीबाईनं विचारलं.

"नावं नसतात, आत्या. आकडे असतात."

"मंग मी कोनत्या आकड्यात?"

"वेळेवर सापडून बऱ्या झालेल्या अकरा बाया. त्यात तू पहिली."

बेबीबाईनं पदर सारखा केला आणि भावाकडे वळली. "आयकलं का, दादा? मी परदेशात जाऊन आली. आता तू आ कर."

तंबाखू मळणारा यादोरावांचा अंगठा थांबला. "पाहू मंग," म्हणाले.

आता रत्ना तोंडं तपासते, यादी लिहिते, आणि मी बेबीबाईच्या हाती असते. काचेला तडा गेलाय, पाठीवर दोन थापा दिल्याशिवाय पेटत नाही. रविवारी आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बपेऱ्याला निघालोय. मला बायांची चिंता नाही. बेबीबाई स्वतःचा गाल दाखवते, मग त्या तोंडावरचा पदर बाजूला करतात. माझी विनंती यादोरावांसारख्या थोरामोठ्यांनाच आहे. आमच्यावर ओरडायला उघडता ना तोंड? तसंच एकदा उघडा. आधी चूळ मात्र भरा.